किमोनंतर तोंडाची चव गेली, तेव्हा

तिसऱ्या किमोनंतर सकाळचा चहा तोंडात घेतला आणि गंजका खिळा चोखल्यासारखं वाटलं. वरणभाताचीही तीच गत. मटणाच्या तर वासानेच उमळून यायचं. डॉक्टर म्हणाले, चव ओळखणाऱ्या पेशी साधारण 10 ते 14 दिवसांत नव्या होतात. किमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते, त्यात त्याही सापडतात. परत येतील. ते ऐकून जीव थाऱ्यावर आला.

पहिला फरक पडला चमच्याने. आमच्याकडे सगळं स्टीलचं. सुनेने जांभळी नाक्यावरून लाकडी चमचा आणला, काचेची वाटी काढली. धातूची चव निम्म्याने कमी झाली, खरंच. जेवणाआधी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या करायचे. जेवण गार करून खायचे, म्हणजे वास कमी येतो. मटणाऐवजी अंडं, पनीर, मुगाचं धिरडं.

सोलकढी मात्र जपून. आंबटाने चव खुलते, पण तोंड आलेलं असताना मी हट्टाने प्यायले आणि दोन दिवस साधं पाणीही झोंबलं. चव यावी म्हणून झिंकच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

किमो संपून दोन महिने झाले होते. तलावपाळीला फेरी मारून आले, चहा घेतला, आणि जिभेला आलं लागलं! "अगं, अजून अर्धा कप टाक," सुनेला म्हटलं. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.