घरी तर्कशास्त्र शिकवताय? ‘तर’ आणि ‘तरच’च्या घोळापासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

“अभ्यास संपवलास तर खेळायला सोडेन.” यातून मूल दोन गोष्टी उचलतं: अभ्यास झाला की खेळ, आणि नाही झाला तर खेळ बंद. दुसरी गोष्ट आपण बोललेलोच नसतो. ती म्हणायची तर ‘तरच’ लागतो. पुढे जर-तरची विधानं शिकवताना जो गोंधळ उडतो, त्यातला बराचसा इथलाच. त्यामुळे वर्कबुक आणण्याआधी घरातली रोजची वाक्यं तपासा.

‘सगळे आंबे गोड नसतात’ हे तसंच दुसरं वाक्य. एकही गोड नसतो की काही आंबट निघतात? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. सरावासाठी वाक्य देताना ‘एकही नाही’ किंवा ‘काही नाहीत’ असं उघड लिहा. नाहीतर मुलाचं उत्तर बरोबर असूनही तुम्ही चूक ठरवाल.

वय दोन्ही बाजूंनी चुकतं

आठ वर्षांच्या मुलापुढे सत्यता कोष्टक (विधानं खरी-खोटी धरल्यावर काय निघतं त्याचा तक्ता) मांडलं तर ते पाठ करतं, समजत नाही. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेनं निव्वळ विधानांवर विचार करण्याची कुवत साधारण ११-१२ वर्षांपासून धरली. ते वाचून काही पालक बारा वर्षं थांबतात, हीही चूकच. ढोबळ क्रम असा ठेवा: चार ते सात वर्गीकरण, सात ते दहा ‘सगळे, काही, एकही नाही’, दहा ते बारा जर-तर, चिन्हं त्यानंतर. एका वेळी १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा पुरे.

वर्गीकरणाला दोऱ्याची दोन वर्तुळं करा, एक ‘गोल’चं, एक ‘पांढऱ्या’चं. वाटाणा, साबुदाणा, मीठ आणि तूरडाळ मुलाला ठेवायला द्या. वर्तुळं सुटी मांडली तर साबुदाण्याला जागाच उरत नाही. ती एकमेकांवर सरकवायची युक्ती मुलालाच सुचू द्या. डाळ बाहेरच राहते, आणि ‘बाहेर’ हेही उत्तर असतं हे तिच्यामुळे कळतं.

‘पण शहामृग उडत नाही!’

सर्व पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. मूल ‘चूक’ म्हणतं आणि आपण वैतागतो. इथे दोन प्रश्न एकत्र आलेत: विधानं खरी आहेत का, आणि ती खरी मानली तर निष्कर्ष निघतो का? दोन्ही वेगवेगळे विचारा, उत्तरंही दोन घ्या. लहान मुलांसाठी सुरुवात बदला: “एका ग्रहावर सगळ्या मांजरी भुंकतात…” डियास आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९८८ च्या प्रयोगांत असंच दिसलं, गोष्ट ‘खोटी खोटी’ म्हणून सांगितली की पाच-सहा वर्षांची मुलंही बरोबर निष्कर्ष काढतात.

चार चिठ्ठ्या

जर-तर पक्कं झालं का, हे पाहायला मानसशास्त्रज्ञ पीटर वेसननं १९६६ मध्ये मांडलेल्या कोड्याइतकं चांगलं साधन नाही. चार चिठ्ठ्या करा: वरच्या बाजूला अ, क, ४, ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसरीकडे सम संख्या. नियम मोडलाय का हे पाहायला कोणत्या चिठ्ठ्या उलटायच्या? मोठी माणसंही अनेकदा अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही.

मागची बाजू भरताना अनेकजण फसतात. सगळीकडे नियम पाळला गेला, तर ७ का उलटायचा हे मुलाला दिसतच नाही. म्हणून अ मागे ६, क मागे ३, ४ मागे ‘ग’, आणि ७ मागे मुद्दाम ‘इ’ लिहा.

तरीही अडलं तर नियम बदला: मोटार चालवत असेल तर वय १८ पूर्ण हवं. चिठ्ठ्या: ‘मोटार चालवतोय’, ‘पायी चाललाय’, ‘वय २०’, ‘वय १५’. आता मूल चटकन पहिली आणि शेवटची उचलेल. लगेच अक्षरांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून जोड्या लावायला सांगा.

न्यायशास्त्रातलं (म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातलं) धुराचं उदाहरणही इथेच बसतं. धूर आहे तिथे विस्तव आहे, पण विस्तव आहे तिथे धूर असेलच असं नाही. जुने पंडित लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देत. तुम्ही गॅसची निळी ज्योत दाखवा.

अंदाजपंचे उत्तरं येतात

पर्याय फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असतील तर मूल तुमचा चेहरा वाचतं. ‘सांगता येत नाही’ हा तिसरा पर्याय द्या आणि दहातल्या निदान तीन प्रश्नांचं उत्तर तेच ठेवा. “कसं ठरवलंस?” हे बरोबर उत्तरालाही विचारा.

शिष्यवृत्तीच्या पुस्तकातल्या संख्यामालिका आणि आरशातल्या प्रतिमा चांगल्याच, पण त्यांना तर्कशास्त्र समजू नका. तिथे आकृतिबंध ओळखायचा असतो, विधानातून निष्कर्ष काढायचा नसतो.

मूल वाद घालायला लागतं

तर्कदोषांची (युक्तिवादातल्या ठरावीक चुकांची) नावं आधी शिकवली की ती धाकट्या भावंडावर चालतात. आधी स्वतःच्या वाक्यातला आणि एखाद्या जाहिरातीतला दोष शोधायला लावा, नाव नंतर.

आणि ते तुमच्याच नियमातला अपवाद दाखवणार. “जेवताना स्क्रीन नाही, मग आजीचा व्हिडिओ कॉल कसा चालतो?” याला उलट बोलणं म्हणून दटावलंत तर पुढचे प्रश्न आतच राहतील. फ्रिजवरचा नियमाचा कागद काढा, ‘आजीचा फोन सोडून’ हे त्याच्याच हातानं लिहून घ्या आणि तारीख टाका. आठवड्याभरात आत्याच्या फोनचा मुद्दा निघेलच.