आयडीएसला मॉडबस कसं शिकवावं: साखर कारखान्यातला अनुभव

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. नेटवर्कवरची घुसखोरी ओळखणारी आयडीएस आमच्या ऑफिसात आधीपासून होती, पण तिला मिल हाऊसची भाषा येत नव्हती. पोर्ट ५०२ वर काहीतरी चाललंय एवढंच तिला दिसायचं. कुणी तापमान वाचतंय की बॉयलरचा सेटपॉइंट बदलतंय, हे तिला कळत नव्हतं, आणि खरा धोका त्या फरकातच आहे. मॉडबस म्हणजे कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल, बोलण्याची ठरलेली पद्धत; पोर्ट ५०२ त्याचाच. तो १९७९ सालचा. त्यात पासवर्ड नाही, ओळख पटवणं नाही. जो नेटवर्कवर पोचला त्याचा हुकूम पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, मानतो. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात ६०० हून अधिक इमारतींची हीटिंग ऐन थंडीत बंद पडली, ती मॉडबसवरून पाठवलेल्या हुकमांमुळेच.

आयडीएस म्हणून आम्ही सुरिकाटा वापरतो. ती मोफत आहे आणि मॉडबस, डीएनपी३, इथरनेट/आयपी हे प्रोटोकॉल तिला मुळातच येतात.

आधी फक्त ऐका

कुठला पीएलसी कुणाशी बोलतो याची यादी कंट्रोल रूममध्ये बसून, फोरमनला विचारून, हाताने करा. पोर्ट स्कॅन, म्हणजे प्रत्येक यंत्राला पॅकेट पाठवून चाचपणं, चालवू नका. मी एकदा चालू हंगामात चालवला होता. जुन्या पीएलसीचं कम्युनिकेशन कार्ड अडकलं, ऊस वाहणारा कॅरियर थांबला आणि गव्हाणीपासून गेटपर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या राहिल्या. तोडलेला ऊस थांबला की उतारा घसरतो, आणि ते नुकसान शेतकऱ्यापर्यंत जातं. त्या दिवसापासून सेन्सरने, म्हणजे आयडीएस चालवणाऱ्या संगणकाने, पीएलसीच्या नेटवर्कवर स्वतःहून एक पॅकेटही टाकायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

त्यासाठी मॅनेज्ड स्विचवर मिरर पोर्ट लावा, म्हणजे सगळ्या रहदारीची नक्कल सेन्सरला मिळते. स्विच साधा असेल तर केबलमधे टॅप, म्हणजे तीच नक्कल काढणारं उपकरण, बसवावं लागेल. दोन्ही कामं ऑफ-सीझनलाच उरका. सेन्सरच्या ऐकणाऱ्या पोर्टला आयपी देऊ नका, आणि त्या नेटवर्क कार्डावरच्या जीआरओ आणि एलआरओ या सोयी बंद करा, नाहीतर पॅकेट एकमेकांना जोडून येतात. एक लक्षात ठेवा: आरएस-४८५ या जुन्या सीरियल वायरवरचा मॉडबस स्विचवर येतच नाही. ती वायर नेटवर्कला जोडणाऱ्या गेटवेच्या पुढे जे जातं तेवढंच दिसेल.

हंगाम सुरू झाला की टीसीपीडंप या पॅकेट टिपणाऱ्या साधनाने किमान २४ तासांचं रेकॉर्डिंग घ्या. तिन्ही शिफ्ट त्यात आल्या पाहिजेत.

एक पॅकेट उलगडून पाहा

पार्सर, म्हणजे सुरिकाटातला मॉडबस उलगडणारा भाग, सुरू करण्याआधी त्या रेकॉर्डिंगमधलं एखादं पॅकेट वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः वाचा. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि पुढे नियम लिहिताना अडकतात. हे बघा, षोडशमान पद्धतीत:

०० ०७ ०० ०० ०० ०६ ०१ ०६ ०० २८ ०३ २०

पहिले दोन बाइट व्यवहार क्रमांक. पुढचे दोन मॉडबसमध्ये कायम शून्य. मग लांबी: यापुढे सहा बाइट आहेत. ०१ हा युनिट क्रमांक. त्यानंतरचा ०६ म्हणजे फंक्शन कोड, ‘एका रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या मेमरीतल्या खणात) लिही’. ०० २८ हा पत्ता, म्हणजे आपल्या मोजणीत ४०. ०३ २० ही किंमत, म्हणजे ८००. कुणीतरी कॅरियरचा वेग ८०० वर नेलाय. फंक्शन ०३ असता तर ते निव्वळ वाचन होतं. ०५, ०६, १५ आणि १६ (हे आकडे आपल्या मोजणीतले) हे मुख्य लिहिणारे कोड, आपली नजर त्यांच्यावर हवी.

पत्त्याची एक गोम आहे. वायरवरचा ४० पीएलसीच्या मॅन्युअलमध्ये ४००४१ म्हणून छापलेला असतो, आणि सुरिकाटाचे नियमही पत्ते १ पासून मोजतात. त्यामुळे नियमात ४१ लिहायचा. इथे चुकलात तर नियम कुठलीही तक्रार न करता भलत्याच रजिस्टरची राखण करत बसतो.

पार्सर सुरू करणं

सुरिकाटाच्या याम्ल (सेटिंगच्या) फाइलमध्ये अ‍ॅप-लेयरखाली मॉडबसची नोंद असते, बहुधा बंद केलेली. ‘एनेबल्ड’ पुढे ‘येस’ करा, पोर्ट ५०२ तपासा आणि ‘स्ट्रीम-डेप्थ’ शून्य ठेवा. शून्य म्हणजे अमर्याद. ऑपरेटरच्या एचएमआयचं (कंट्रोल स्क्रीनचं) कनेक्शन आठवडेच्या आठवडे चालू राहतं, आणि या डेप्थला मर्यादा असेल तर ती भरल्यावर सुरिकाटा त्या कनेक्शनमध्ये डोकावणं सोडून देते.

तितकंच महत्त्वाचं ‘मिडस्ट्रीम’. सेन्सर सुरू व्हायच्या आधीच जुळलेलं कनेक्शन सुरिकाटा एरवी सोडून देते. कारखान्यात जवळपास सगळीच कनेक्शनं तशी, म्हणून हे चालू करा. इव्ह लॉगच्या, म्हणजे सुरिकाटाच्या नोंदींच्या, प्रकारांतही मॉडबस जोडा. मग सुरिकाटाला ‘उणे टी’ (-T) पर्याय देऊन याम्ल फाइल तपासा आणि ‘उणे आर’ (-r) देऊन ते २४ तासांचं रेकॉर्डिंग सुरिकाटातून चालवा. लॉगमध्ये वाचन आणि लेखन वेगवेगळं दिसलं की पार्सर लागला.

सीमेन्सचे पीएलसी असतील तर पोर्ट १०२ वर एस७ हा सीमेन्सचा प्रोटोकॉल चालतो. त्यासाठी आम्ही शेजारी झीक हे नेटवर्कवर नजर ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर ठेवलं आणि त्यात अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने खुले केलेले आयसीएसएनपीपी पार्सर घातले. सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी मिरर पोर्ट तोच चालतो.

नियम

पहिला नियम एकच पुरे: एचएमआय आणि इंजिनिअरिंग लॅपटॉप सोडून दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावरून होल्डिंग रजिस्टरमध्ये (सेटपॉइंटसारख्या बदलता येणाऱ्या किमती जिथे असतात तिथे) लेखन झालं तर अलर्ट. नियमाची सुरुवात ‘अलर्ट मॉडबस’, अट ‘अ‍ॅक्सेस राइट होल्डिंग’. दुसरा नियम पत्ता ४१ साठी: किंमत १००० च्या वर गेली की लिहिणारा कुणीही असो, अलर्ट. स्वतःच्या नियमांचे क्रमांक १०००००० पासून पुढे द्या. ‘ड्रॉप’, म्हणजे पॅकेट अडवणारा नियम, वापरू नका. पुढे कधी सेन्सर वाटेतच बसवला आणि खरा हुकूम चुकून अडला तर टर्बाइनजवळ उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो.

सेन्सरचं घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेला, जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची असते, आणि वेळा जुळल्या नाहीत तर घटनाक्रमच लावता येत नाही.

मोळी टाकायच्या आधी, कॅरियर लॉकआउट करून (वीज तोडून कुलूप लावून), एखाद्या तिसऱ्याच लॅपटॉपवरून ४१ मध्ये ८०० लिहून पाहा. अलर्ट आला, त्यात लॅपटॉपचा आयपी आणि तोच पत्ता दिसला, की तो लॅपटॉप नेटवर्कवरून काढा आणि शिफ्ट इन्चार्जचा फोन नंबर सेन्सरच्या रॅकवर चिकटवा.