दुकानातल्या जुन्या संगणकावर बिलिंग: लिनक्स सर्व्हरवर डॉलिबार कसे बसवावे

तालुक्याच्या गावी कृषी केंद्र किंवा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्याची बिलाच्या सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा अशी असते, की इंटरनेट बंद पडले तरी गिऱ्हाईक ताटकळू नये. ती पूर्ण करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे सर्व्हर दुकानातच ठेवणे. या लेखात त्यासाठी डॉलिबार हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले आहे. ते २००२ पासून विकसित होत आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते, आणि बिल, साठा व उधारी या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र सांभाळता येतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे सॉफ्टवेअरही मुक्त आणि अधिक समर्थ आहे, परंतु दोन काउंटरच्या दुकानासाठी आणि जुन्या यंत्रासाठी मला तो पसारा जास्त वाटतो.

यंत्र आणि वीज

४ जीबी मेमरी असलेला जुना डेस्कटॉप या कामाला पुरतो. शक्य असल्यास त्यात नवी एसएसडी बसवावी. सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी विजेचा बंदोबस्त करावा, कारण आपल्याकडे सर्व्हरला सर्वांत मोठा धोका अचानक जाणाऱ्या विजेचा असतो. दुकानाचा इन्व्हर्टर वापरायचा असेल, तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ बाजूला आहे ना, ते पाहावे. ‘नॉर्मल’ बाजूला असताना वीज पालटायला लागणारा क्षणभराचा वेळही संगणक बंद पडायला पुरेसा ठरतो. त्यानंतर संगणकाच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) जाऊन, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी निवड करून ठेवावी. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलून घ्यावा. तो मेलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, आणि इंटरनेट नसल्यास सर्व्हरला खरी वेळ कळायला मार्ग उरत नाही. मग बिलांवर त्याच चुकीच्या तारखा पडतात.

उबुंटू आणि सोबतीची मंडळी

उबुंटू सर्व्हर या लिनक्स प्रणालीची २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन यंत्रावर बसवावी. तिला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. बसवताना ओपनएसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हर हाताळण्याचे साधन) निवडावे, म्हणजे पुढे या यंत्राला पडदा आणि कळफलक जोडण्याची गरज उरत नाही. वेळेचा पट्टा आशिया-कोलकाता करून घ्यावा. राउटरमध्ये या यंत्रासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि काउंटरवरचे संगणक सर्व्हर शोधत बसतात.

आता एपीटी या उबुंटूच्या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाने अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) आणि पीएचपी (डॉलिबार ज्या भाषेत लिहिले आहे ती) बसवावे. पीएचपीसोबत मायएसक्यूएल, जीडी, इंटल, एमबीस्ट्रिंग, कर्ल, एक्सएमएल आणि झिप ही विस्तारकेही घ्यावीत. मारियाडीबीमध्ये डॉलिबारसाठी स्वतंत्र डेटाबेस आणि स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा. रूट या सर्वाधिकारी खात्यावर काम भागवू नये. डेटाबेसचे अक्षरसंच यूटीएफ-८ एमबी-४ ठेवावे, म्हणजे शेतकऱ्यांची नावे देवनागरीत लिहिली तरी नीट साठतात.

डॉलिबारची स्थिर आवृत्ती त्याच्या अधिकृत स्थळावरून उतरवून उलगडावी. तिच्यातील ‘एचटीडॉक्स’ हा फोल्डरच अपाचेला मूळ म्हणून दाखवावा. कागदपत्रांचा फोल्डर मात्र त्याच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी करावा आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार अपाचेच्या वापरकर्त्याला द्यावा. सगळ्या बिलांच्या प्रती त्या फोल्डरात जमतात, म्हणून तो ब्राउझरमधून थेट उघडता येईल अशा जागी असू नये. मग काउंटरवरच्या संगणकावरून सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. डॉलिबारची मांडणी सुरू होते आणि डेटाबेसचे तपशील, फोल्डरची जागा व प्रशासकाचा पासवर्ड विचारते. काम संपताच दोन गोष्टी हाताने कराव्यात: कागदपत्रांच्या फोल्डरात ‘इन्स्टॉल डॉट लॉक’ नावाची रिकामी फाइल ठेवावी, आणि ‘कॉन्फ डॉट पीएचपी’ ही फाइल फक्त वाचता येईल अशी करावी.

फायरवॉल चालू करून वेबसाठी ८० आणि एसएसएचसाठी २२ ही दोनच पोर्ट (नेटवर्कची दारे), तीही फक्त दुकानाच्या नेटवर्कसाठी उघडी ठेवावीत. राउटरवर पोर्ट उघडून हा सर्व्हर इंटरनेटवर आणण्याचा मोह टाळावा.

पहिले बिल काढण्याआधी

इथवरचे काम सवयीच्या माणसाला एका दुपारी होते. खरे डोके लागते ते पुढच्या भागात, आणि ते घाईने उरकणाऱ्याला मार्च अखेरीस कर सल्लागाराकडे खेपा घालाव्या लागतात.

कंपनीच्या माहितीत देश भारत आणि राज्य महाराष्ट्र निवडून जीएसटी क्रमांक भरावा. १५ अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, छत्तीसगडचे २२, मध्य प्रदेशचे २३ आणि तेलंगणाचे ३६. विदर्भाच्या कडेच्या दुकानांना हे अंक रोजच्या कामाचे आहेत. देवरीच्या दुकानदाराने सीमेपलीकडच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल पाठवला, तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी यांऐवजी आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागतो. डॉलिबारमध्ये राज्यातल्या विक्रीचे दोन भागांचे दर आणि आयजीएसटीचे दर वेगवेगळे नोंदवलेले असतात. दोन भागांचे दर वापरण्यासाठी कंपनीच्या मांडणीत दुसरा आणि तिसरा कर सुरू करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचना बदलली आहे, त्यामुळे दरांच्या यादीत १२ आणि २८ टक्क्यांचे जुने दर दिसत असतील तर ते बंद करावेत, म्हणजे काउंटरवरच्या मुलाचा हात चुकून त्यावर पडत नाही.

कृषी केंद्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. पेरणीच्या बियाण्यांवर जीएसटी नाही, खतांवर ५ टक्के आहे, तर रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के आहे. शेतकरी मात्र सोयाबीनची बॅग आणि फवारणीचे औषध एकाच वेळी नेतो. गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल तर करपात्र आणि करमुक्त माल एकाच कागदावर दाखवण्याची मुभा जीएसटी नियम ४६-अ देतो. त्यामुळे बियाण्यांना शून्य दर लावून, बिलाच्या साच्यावर ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’ असे शीर्षक छापावे. वस्तूंच्या नोंदीत एचएसएन या मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकासाठी आणि बिलाच्या ओळीत लॉट किंवा बॅच क्रमांकासाठी जागा करून ठेवावी. अनुदानित खतांची विक्री पूर्वीप्रमाणे पॉस (विक्री नोंदवण्याच्या) यंत्रावरच करावी लागते. डॉलिबार त्याची जागा घेत नाही.

बिल क्रमांकाबाबत नियम ४६ स्पष्ट आहे: क्रमांक सलग असावा, आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती होऊ नये, आणि तो १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा. डॉलिबारमध्ये क्रमांकाच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी ‘मर्क्युअर’ निवडावी, कारण तिच्यात साचा आपण ठरवू शकतो. वर्षाचे दोन अंक, महिन्याचे दोन अंक, एक आडवी रेघ आणि चार आकडी क्रमांक असा साचा नऊ अक्षरांत बसतो. चार आकडी क्रमांकाच्या कंसात शून्यांनंतर ॲटचे चिन्ह आणि ४ लिहिले, की मोजणी दर एप्रिलला नव्याने सुरू होते. अशा मोजणीसाठी साच्यात वर्ष आणि महिना दोन्ही असणे डॉलिबार सक्तीचे मानते, म्हणून महिन्याचे अंक वगळू नयेत.

बिल मसुदा असेपर्यंत त्याला तात्पुरता क्रमांक असतो; ते पक्के केल्यावर खरा क्रमांक मिळतो. पक्क्या बिलात चूक निघाली तर ते खोडण्याच्या भानगडीत पडू नये, क्रेडिट नोट काढावी. हे काउंटरवरच्या माणसांना नीट समजावून सांगावे आणि बिल खोडण्याचा अधिकार त्यांच्या खात्यांना देऊच नये. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, हे ओघाने आलेच.

छपाईत एक अडचण हमखास येते. डॉलिबार ज्या साधनाने पीडीएफ बनवते, त्यात देवनागरी जोडाक्षरे फुटतात. ‘ज्ञानेश्वर’ छापताना हलन्त चिन्हे लोंबकळताना दिसतात. मराठी बिल हवे असल्यास ओडीटी (लिब्रेऑफिसच्या दस्तऐवजाच्या) प्रकारचा साचा तयार करून ते लिब्रेऑफिसमधून छापावे, तिथे अक्षरे नीट जुळतात.

उधारीसाठी प्रत्येक शेतकऱ्याची स्वतंत्र नोंद करावी आणि बिलाची देय तारीख हंगामाच्या हिशोबाने टाकावी. जूनमधल्या बियाण्यांचे पैसे कापसाचा चुकारा मिळाल्यावरच येणार असतील, तर तीस दिवसांची ठराविक मुदत ठेवल्याने थकबाकीच्या यादीत ऑगस्टपासूनच सगळे गाव दिसू लागते आणि त्या यादीचा उपयोग संपतो.

बॅकअप आणि अद्ययावतीकरण

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या साधनात) रोजचे काम लावून डेटाबेसची प्रत, कागदपत्रांचा फोल्डर आणि ‘कॉन्फ डॉट पीएचपी’ हे तिन्ही एकत्र बांधून घ्यावे. ही वेळ मध्यरात्रीची नको, दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधीची असावी, कारण रात्री बहुधा यंत्र बंद असते. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरावेत आणि त्यांतला एक रोज घरी न्यावा. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून ती घेण्याआधीचे शेवटचे बिल दिसते का, ते पाहावे. हे न केलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

उबुंटूच्या सुरक्षा सुधारणा नियमित घ्याव्यात. डॉलिबारची नवी आवृत्ती मात्र खरिपाच्या गर्दीत चढवू नये. उन्हाळ्यातली निवांत दुपार त्यासाठी बरी. आधी पूर्ण बॅकअप घ्यावा, नव्या फाइली जुन्यांवर ठेवाव्यात, ‘इन्स्टॉल डॉट लॉक’ काढून मांडणीचे पान उघडावे आणि अद्ययावत करण्याचा पर्याय निवडावा. काम झाल्यावर ती रिकामी फाइल परत जागेवर ठेवावी आणि एक मसुदा बिल काढून कराची बेरीज तपासावी.