नसबंदीनंतर पिल्लाची काळजी: खरी कसोटी तिसऱ्या दिवसापासून

ऑपरेशन करून पिल्लू घरी आलं की पहिली रात्र घरातले सगळे जागून काढतात. पण टाके उसवतात ते बहुधा त्यानंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं ओसरतं, पिल्लू सोफ्यावर झेप घ्यायला लागतं, आणि आतले थर मात्र अजून दोऱ्याच्याच जोरावर धरलेले असतात. त्यामुळे पिल्लू कितीही ठणठणीत दिसलं तरी 10 ते 14 दिवस पळापळ, जिने आणि दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती पूर्ण बंद. शी-शूसाठी पट्टा लावून पाच-दहा मिनिटं फिरवलं की पुरे.

पहिल्या दिवशी भूल उतरताना पिल्लू झोकांड्या खातं, कुंईकुंई करतं, थरथरतं. भुलेने अंगातली ऊब कमी झालेली असते, म्हणून गार फरशीवर नको. जमिनीवरच जाड गोधडी घाला. पलंगावर ठेवलं तर तोल जाऊन पडेल. मान सावरून नीट बसेपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. रात्री नेहमीच्या पाव ते अर्धंच जेवण द्या: मऊ भात, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ, मसाला, कांदा काही नाही. श्वासनलिकेत नळी घातली असेल तर एक-दोन दिवस कोरडा खोकला येऊ शकतो. शी दोन दिवस झाली नाही तरी चालेल, लघवी मात्र 24 तासांत व्हायलाच हवी.

उचलताना पोटाखाली हात घालू नका. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागून, आणि पाठ सरळ.

आता कोन, म्हणजे गळ्यातली ती प्लॅस्टिकची कॉलर. ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणून ती काढली जाते आणि पाच मिनिटांत पिल्लू पुढच्या दातांनी टाका ओढून मोकळं होतं. चाटल्याने जखम बरी होते हा गैरसमज आहे. लाळेतले जंतू जखमेत जातात आणि ओलाव्याने कातडी सुटते. कोनाची कड नाकाच्या एक-दोन इंच पुढे यावी आणि गळ्याशी दोन बोटं सहज जावीत. जेवताना काढलात तर समोरून हलू नका. मादीला जुना टी-शर्ट घालून पाठीवर गाठ मारता येते, पण तो ओला झाला की लगेच बदला.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा आणि रोज एक फोटो काढून ठेवा; सूज वाढतेय की उतरतेय ते त्यावरून लगेच कळतं. कडा जुळलेल्या, किंचित लालसर, खाली पेन्सिलीएवढा कडक उंचवटा: हे बरं होण्याचंच लक्षण. हळद, खोबरेल तेल, पावडर काहीही लावू नका. त्याने चाटायचा मोह वाढतो आणि खालची जखम दिसत नाही. अंघोळ नाही. पावसाळ्यात माश्यांपासून फार जपा, जखमेत अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिलेलीच, सांगितली असेल तशी जेवणासोबत. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, व्होवेरान चुकूनही नको. यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो.

रोज वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. पांढुरकी असेल, पोट फुगत असेल आणि पिल्लू मलूल असेल तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. सकाळची वाट बघू नका. जखमेतून थेंब-थेंब रक्त थांबत नसेल, पू किंवा घाण वास येत असेल, वारंवार उलट्या होत असतील, ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला असेल, तरी त्याच दिवशी दाखवा. टाके उघडून आतलं काही बाहेर आलं तर आत ढकलू नका. सलाइनने भिजवलेलं स्वच्छ कापड धरून थेट दवाखाना गाठा.

नराच्या रिकाम्या पिशवीला थोडी सूज येते, ती हळूहळू उतरते. पण शरीरात आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून महिना-सव्वा महिना त्याला माजावर आलेल्या मादीपासून लांबच ठेवा.