मेळघाटात चार दिवस: आधी बाजाराचा वार, मग तारीख

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, चिखलदऱ्याला जाणारी बहुतेक मंडळी सकाळी चढतात, पाच-सहा पॉइंट पाहतात, भाजलेलं कणीस खातात आणि रात्री घरी परततात. पठारावरून सिपना नदीच्या खोऱ्यात उतरून कोरकू आदिवासींची गावं बघायची असतील तर चार दिवस आणि तीन मुक्काम हवेत.

नियोजन आठवडी बाजारापासून सुरू करा. गाव दुपारी रिकामं असतं, माणसं वावरात नाहीतर जंगलात. आजूबाजूच्या पाड्यांतली सगळी एकत्र दिसतात ती बाजारात. वार गावागणिक बदलतो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्याच्या स्टँडवर काळीपिवळीवाल्यांना विचारा, त्यांची कमाईच बाजाराच्या वारावर असते. तो वार दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येईल असं बघा. सकाळी लवकर पोचून उपयोग नाही, दुकानं तेव्हा मांडली जात असतात. दुपारी जा, पण फार उशीर नको. लांबच्या पाड्यांची माणसं ऊन कलायच्या आत परत निघतात.

हंगामाचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. पावसाळ्यात भीमकुंडाचा धबधबा भरात असतो, पण घाटात धुकं, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद. डिसेंबर-जानेवारीत सफारी उत्तम, थंडी कडक. मात्र पिकं निघाली की बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर जातात, त्यामुळे गावात म्हातारी आणि लेकरंच जास्त. बाहेर गेलेली माणसं होळीला हमखास परततात. गावं पाहायची तर आमचं मत होळीच्या आठवड्याला. दिवाळीपेक्षा हा सण इथं मोठा, पाच दिवस चालतो. ढोल-बासरीवर गदली-सुसून नाच रंगतो, काही गावांत मेघनाथाची पूजा होते. या दिवसांत रस्त्यात आडवी दोरी किंवा लाकूड टाकून गाडी अडवतील आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतील. ही लूटमार नव्हे, रीत आहे. दहा-दहाच्या पन्नासेक नोटा वरच्या खिशात ठेवा, हसून द्या, पुढे निघा. काच वर करून हॉर्न वाजवणाऱ्यांचाच खोळंबा होतो.

रेल्वेनं येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावं. अमरावतीहून परतवाडा सुमारे 50 किलोमीटर, तिथून चिखलदरा आणखी 30 च्या आसपास. परतवाड्यात तीन कामं उरका: टाकी फुल, रोख रक्कम आणि नेहमीची औषधं. पुढे रेंज येते-जाते, फोनवरून पैसे देणं बाजारात हमखास अडतं. पेट्रोलसाठी नंतर पुढच्या धारणी गावाचाच भरवसा धरा. धामणगाव गढीच्या घाटानं चढा आणि परतताना घटांगकडून उतरा. गर्दीच्या दिवसांत पोलीसही वाहतूक अशीच एकेरी करतात. उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि धरेनासा होतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. घाटात ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त वेग हिशेबात धरू नका.

पहिला दिवस चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला द्या. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं जिंकला तो हाच किल्ला. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडी पक्ष्याचं शिल्प, चुकवू नका. तीन-चार तास, माणशी दोन लिटर पाणी. परिसर वाघाच्या जंगलातला आहे, त्यामुळे संध्याकाळी रेंगाळू नका. मोथा गावाकडे हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळते.

दुसऱ्या दिवशी सेमाडोह, मग कोलकास. दोन्हीकडे वनविभागाची राहायची सोय आहे, आरक्षण आधी करा, ऐन वेळी गेलात तर धारणीपर्यंत जावं लागेल. कोलकासला सिपना नदी सुंदर वळसा घेते. सिपना म्हणजे कोरकूत साग. तिसरा दिवस हरिसाल आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची गावं. हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. शेजारच्या पाड्यात मात्र फोनला रेंज मिळेलच असं नाही.

इथं एक घोळ नेहमी होतो. फोनवरचा नकाशा जंगलातून जवळची वाट दाखवतो, ती गाभा क्षेत्रातली असते आणि नाक्यावरून परत पाठवतात. जुन्या नकाशांवर कोहा, कुंड, बोरी ही गावंही दिसतील. त्यांचं पुनर्वसन होऊन ती कधीच जंगलाबाहेर, अकोटकडे गेली. डांबरी रस्ता सोडू नका.

गावात शिरताना गाडी बाहेरच लावा. कोरकूंची घरं समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद रस्ता. म्हणजे तुम्ही आलात हे सगळ्या गावाला एकदम कळतं. आधी आडा पटेल (कोरकू गावाचा प्रमुख) किंवा पोलीस पाटलाला राम राम करा, काय बघायचं ते सांगा. मराठीपेक्षा हिंदी जास्त चालते. लाकडावर कोरीवकाम केलेले खांब दिसले तर ते मृतांच्या आठवणीचे असतात, त्यांना हात लावू नका, टेकून फोटो तर मुळीच नाही. मुठवा देवाच्या ठिकाणी जोडे लांब काढा. लेकरांना चॉकलेटं वाटू नका. एकदा सवय लागली की ती प्रत्येक गाडीमागे धावतात, घाटरस्त्यावरसुद्धा. द्यायचंच असेल तर बाजारात घासाघीस न करता चारोळी, चिंच, कुटकी हे भरडधान्य घ्या. मोहाची दारू पुढे आली तर हात जोडून नको म्हणा, कुणी रागावत नाही.

गवळ्यांकडचा खवा चौथ्या दिवशी, निघतानाच घ्या. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो. सुती फडक्यात बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत त्याला घाम सुटतो. मोरपीस, शिंगं, सागाचा तुकडा गाडीत नको, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना मेळघाटात गेलो होतो हे आधी सांगा, म्हणजे मलेरियाची तपासणी लगेच होईल.