नाताळच्या उपदेशाची तयारी : नव्या पाळकांसाठी

बीड जिल्ह्यातील एका लहान मंडळीत मी नाताळचा पहिला उपदेश केला तेव्हा यशया आणि मीखा हे संदेष्टे, तारा, पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक, मेंढपाळ आणि हेरोद राजा हे सगळे पाऊण तासात कोंबले होते, आणि वर गव्हाणी म्हणजे काय हेही समजावून सांगितले होते. उपासनेनंतर पंगतीची गडबड चालू असताना नातवाला कडेवर घेतलेली एक आजी जवळ आली. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले होते. ती म्हणाली, "पाळकसाहेब, गव्हाण आम्हाला ठावं हाय. बाळंतपणाला मरीयेपाशी कोन होतं, ते सांगा."

मला उत्तर देता आले नाही. रात्री लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा काढला. सातव्या वचनात मरीयेनेच बाळाला जन्म दिला, तिनेच बाळंत्याने गुंडाळले आणि तिनेच गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, एवढेच आहे. सुईण नाही, दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक नाही आणि गाढवही नाही. (मुलांच्या नाटकातले गाढव खुशाल राहू द्यावे, ते व्यासपीठावर आणू नये.) पुढच्या वर्षी मी त्या एकाच वचनावर पंधरा मिनिटे बोललो, तेव्हा तो नातू साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, जन्मलेला आहे, हे आजीने आपणहून सांगितले.

तेव्हापासून मी तयारी नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू करतो. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळपूर्वीचे, चार रविवार हाताशी असतात, म्हणून यशया 9 आणि मीखा 5 तिथेच सांगून होतात. मागी लोकांना त्यांच्या भेटीच्या सणाच्या, म्हणजे 6 जानेवारीच्या, जवळच्या रविवारपर्यंत थांबवावे, कारण मत्तयाच्या वृत्तान्तात ते घरात येतात आणि ते तीन होते असे तो कुठेही म्हणत नाही. नाताळच्या दिवसासाठी मग एकच उतारा उरतो, आणि तेवढा पुरतो.

मेंढपाळांविषयी बोलायचे असेल, तर आपल्या भागात पुस्तकांआधी शिवारात जावे. खरिपाची काढणी झालेल्या रानात धनगर खतासाठी मेंढ्या बसवतात. त्यांच्या वाड्यापाशी (मुक्कामापाशी) एक रात्र बसल्यावर लांडग्याच्या भीतीने आणि विणाऱ्या मेंढीपायी माणूस कसा जागा राहतो हे मला दिसले, आणि "रानात राहून रात्री कळप राखीत होते" हे वाचताना माझा आवाज आपोआप बदलला. नावनिशीसाठी (शिरगणतीसाठी) नासरेथहून बेथलेहेमला झालेला शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि ऊसतोडीचे स्थलांतर यांची सांगडही घालता येते, मात्र योसेफाला कोयता देऊ नये. सरकारी हुकमामुळे गरोदर बाईला वाट चालावी लागली, एवढाच धागा धरावा.

त्या दिवशी पुण्याहून आलेले नातलग, शेजारचे हिंदू-मुसलमान पाहुणे आणि वर्षातून एकदाच येणारे सभासदही समोर असतात. "देहधारण" (देवाने माणूस होणे) हा शब्द वापरलाच, तर लगेच सोप्या मराठीत उलगडावा, आणि वर्षभर न आलेल्यांना त्या दिवशी टोमणे मारू नयेत.

मजकूर पूर्ण लिहून घरात मोठ्याने वाचावा. ग्रीक शब्द आला की माझी पत्नी हात वर करते आणि मी तो खोडतो. अक्षर मोठे काढावे, मोबाइलवर विसंबू नये, कारण 24 डिसेंबरच्या रात्री माझ्या गावात दोनदा वीज गेलेली आहे.