जर्मनीत भाड्याचे घर : आधी मुदत, मग घर

जर्मनीत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेली मराठी मंडळी मला बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो भाड्याच्या आकड्याचा : अमुक शहरात दोन खोल्यांचे घर कितीला मिळेल? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. त्या शहरात आपण किती काळ राहणार, हे आज किती खात्रीने सांगता येते, हे आधी स्वतःला विचारायला हवे. नोकरीचा परीक्षाकाळ येथे साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, कुटुंब मागाहून कधी येणार हे व्हिसावर अवलंबून असते, आणि कामाची जागा शहराच्या ज्या टोकाला आहे ते टोक आपल्याला मानवेल की नाही हे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. येथील घरांचे प्रकार वरवर पाहता खोल्यांवरून आणि भाड्यावरून वेगळे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यातला मोठा फरक असा की, काही घरांत शिरणे व त्यांतून निघणे सोपे असते आणि काहींत दोन्ही महाग पडते.

सर्वांत महाग पडते ते साधे, दीर्घ मुदतीचे, रिकामे घर. येथे रिकामे म्हणजे खरोखरच रिकामे. स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवली जाते तिथे अनेकदा नळाची दोन तोंडे, सांडपाण्याचा एक पाइप आणि शेगडीच्या जोडणीचा एक डबा एवढेच भिंतीतून बाहेर आलेले असते. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. छतातून दिव्याच्या जागी तीन तारा लोंबत असतात आणि त्यांच्या टोकाला प्लास्टिकची इवलीशी जोडपट्टी असते. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ असा शब्द असेल तरच ओटा आणि कपाटे घराबरोबर मिळतात. तो नसेल तर आपण नवे बसवायचे, नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून त्याचे विकत घ्यायचे, आणि एका भिंतीच्या मापाने घेतलेला हा संसार पुढच्या घराच्या भिंतीला सहसा बसत नाही. त्यात अनामत रक्कम असते. कायद्याने ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. पुष्कळ नवागतांना तो हक्क ठाऊक नसल्याने ते उसनवारी करून सगळी रक्कम एकदम भरतात.

बाहेर पडतानाचा हिशेबही पाहून ठेवावा. भाडेकरूला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि ती सही केलेल्या कागदी पत्रानेच द्यावी लागते, ईमेल चालत नाही. असे पत्र मार्चच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडले तर करार ३१ मे रोजी संपतो. एका दिवसाचा उशीर झाला की ३० जून. काही करारांत ठरावीक काळ सूचना देण्याचा हक्कच सोडून दिल्याचे कलम असते आणि असे कलम चार वर्षांपर्यंतचे असू शकते. जर्मन येत नसेल तरी करारातले हे एक कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावेच, बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

म्हणूनच माझा सल्ला असा की, पहिले तीन ते सहा महिने सामानासह मिळणाऱ्या तात्पुरत्या घरात किंवा कोणी काही महिन्यांसाठी परगावी जाताना देतो त्या ‘त्स्विशेनमीटे’च्या घरात काढावेत. चौरस मीटरमागे ते महाग वाटते, आणि असतेही. पण त्या काळात शहराचे भाग पायाखालून जातात, ट्रेनची वेळ प्रत्यक्षात किती पाळली जाते ते कळते, पगाराच्या तीन चिठ्ठ्या हातात येतात, आणि भाडे थकलेले नाही असे प्रमाणपत्र पहिल्या घरमालकाकडून मागता येते. दीर्घ मुदतीच्या घरासाठी अर्ज करताना नेमके हेच कागद लागतात. शुफा या पतनोंदणी संस्थेकडे नव्या माणसाची काहीच नोंद नसते. तेव्हा घरमालकासमोर ठेवायला दुसरे असतेच काय?

मात्र तात्पुरत्या घरासाठीही एक अट सोडू नये. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याने आपण तेथे राहायला आल्याचे लेखी द्यावे लागते. ‘घर देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असे कोणी म्हणाले तर ते घर स्वस्त असले तरी सोडावे. करक्रमांकाचे पत्र, बँकेचे खाते, निवास परवान्याची मुदतवाढ, सगळे त्या एका कागदावर अडते. तसेच घर पाहण्यापूर्वी पैसे मागणारा, आपण परदेशात असल्याचे सांगून किल्ली टपालाने पाठवतो म्हणणारा मालक हा मालक नसतो, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो; दरवर्षी कोणी ना कोणी त्याला फसतोच.

दुसरा मार्ग म्हणजे ‘वेगे’, अर्थात इतरांबरोबर वाटून घेतलेले घर. विद्यार्थ्यांसाठीच ते असते असा समज आहे, तो खरा नाही. चाळिशीतले नोकरदारही अशा घरांत राहतात. येथे खोलीपेक्षा कागदावरचे आपले स्थान महत्त्वाचे असते. सर्वांनी मिळून मूळ करारावर सही केली असेल तर घरमालक संपूर्ण भाडे कोणा एकाकडूनही मागू शकतो. आपण एका मूळ भाडेकरूचे पोटभाडेकरू असू तर त्याने घरमालकाची परवानगी घेतली आहे का, हे विचारायला संकोच करू नये. भाषा शिकण्याची ज्याला खरी निकड आहे त्याच्यासाठी मी वेगेलाच पसंती देईन, कारण भांडी कोणी घासायची या वादात जितके जर्मन येते तितके वर्गात येत नाही. रात्रपाळी असणाऱ्याने मात्र वेगेच्या वाटेला जाऊ नये. विद्यार्थ्यांनी प्रवेशाचे नक्की होताच स्थानिक ‘श्टुडिरेंडेनवेर्क’च्या, म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्थेच्या, वसतिगृहासाठी अर्ज करून ठेवावा, मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते, त्यामुळे त्यावरच विसंबू नये.

स्वतंत्र घर भाड्याने घेण्याची वेळ आली की आधी खोल्यांचे गणित नव्याने शिकावे लागते. येथे दोन खोल्यांचे घर म्हणजे एक बैठकीची खोली आणि एक झोपण्याची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत. म्हणजे आपल्या बोलीतला ‘वन बीएचके’ हा येथे दोन खोल्यांचा असतो. तळमजला शून्यावा धरतात, हे आपल्यासारखेच. त्यानंतर इमारतीचे वय पाहावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ‘आल्टबाउ’ घरे उंच छताची, लाकडी जमिनीची आणि देखणी असतात, पण वरच्या कुटुंबाचे चालणे खाली ऐकू येते, लिफ्ट अनेकदा नसते आणि खिडक्या जुन्या असल्या तर उबेचा खर्च बोचतो. पन्नाशी-साठीच्या दशकांतली घरे ठेंगण्या छताची व साधी, तरी संसाराला सोयीची असतात. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत उभारलेल्या तयार काँक्रीट-पट्ट्यांच्या ‘प्लाटेनबाउ’ इमारतींकडे लोक नाक मुरडतात. नूतनीकरण झालेले असेल तर मी तसे घर निःशंकपणे घेईन, कारण बहुधा ट्राम जवळ असते आणि खोल्यांची मांडणी काटकसरीची असते. नव्या इमारतींत जमिनीखालून ऊब मिळते आणि वीज-गॅसचे बिल कमी येते. परंतु २०१५ साली आलेला भाडेमर्यादेचा कायदा, जो घरटंचाईच्या भागांत नव्या कराराचे भाडे स्थानिक तुलनात्मक भाड्याच्या, म्हणजे त्या भागातल्या तशाच घरांच्या रूढ भाड्याच्या, फार तर दहा टक्के वर जाऊ देतो, तो १ ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांना लागू होत नाही.

छपराखालच्या घराचा मोह मला स्वतःला पडला होता. कागदावर ४६ चौरस मीटर होते आणि मोजणीत लबाडी काहीच नव्हती : छताची उंची एक मीटरपेक्षा कमी असलेली जागा मोजत नाहीत, एक ते दोन मीटर उंचीची अर्धी मोजतात. तरीही दोन मीटर उंचीचे कपाट उभे राहील अशी त्या घरात एकच भिंत होती आणि तिच्यात दरवाजा होता. आमचे कपडे दोन वर्षे खोक्यांत राहिले. जुलैच्या दुपारी कौलांखालची ती खोली इतकी तापे की आम्ही पोरांना घेऊन वाचनालयात जाऊन बसत असू, कारण येथे घरोघरी वातानुकूलन नसते. पाहायला गेलो होतो ती फेब्रुवारीची सकाळ होती, ऊन तिरपे आत येत होते आणि घर अतिशय सुंदर दिसत होते. आता मी कोणाबरोबर घर पाहायला गेलो की खिशात मोजपट्टी ठेवतो.

त्याच भेटीत आणखी काही गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. ऊर्जेचा दाखला मागावा. त्यावर घराची श्रेणी ए-प्लसपासून एचपर्यंत आणि प्रति चौरस मीटर वार्षिक किलोवॉट-तास लिहिलेले असतात. पाणी कशावर तापते ते विचारावे, कारण न्हाणीघराच्या भिंतीवर विजेवर चालणारी पाणी तापवण्याची पेटी असेल तर तो खर्च घरमालकाच्या हिशेबात न येता आपल्या वीजबिलात येतो. बाह्य भिंतीचा कोपरा आणि खिडकीची खालची कड हाताने चाचपून ओल पाहावी. स्वयंपाकघर बैठकीला खुले जोडलेले असेल तर शेगडीवरच्या पंख्याची हवा घराबाहेर जाते की गाळून आतच परत येते, हे विचारावे. फोडणीचा वास सोफ्यात मुरतो, आणि रोज पोळी-भाजी करणाऱ्या घराला दार लावता येईल असे जुन्या पद्धतीचे स्वयंपाकघर कितीतरी बरे.

भाड्याच्या आकड्याकडे आता यावे. जाहिरातीतले ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे; पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा ऊब मिळवून होते ते ‘वार्ममीटे’. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर असतात, आणि प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरोची सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची प्रसारण वर्गणी वेगळी; वेगेत ती एकदाच भरून वाटून घेता येते. वार्ममीटेतला वरखर्च हा केवळ अंदाजाने घेतलेला आगाऊ हप्ता असतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत घरमालक खरा हिशेब पाठवतो आणि फरक मागतो किंवा परत देतो. आधीच्या भाडेकरूचा गेल्या वर्षीचा हिशेब पाहायला मागितला तर पुढचा धक्का टळतो. करारात ‘श्टाफेलमीटे’ असेल तर भाडे ठरलेल्या पायऱ्यांनी वाढते, ‘इंडेक्समीटे’ असेल तर महागाईच्या निर्देशांकाबरोबर. दीर्घकाळ एकाच शहरात राहण्याचे नक्की झाले असेल त्यांनी गृहनिर्माण सहकारी संस्थांचीही चौकशी करावी. भागभांडवल घेऊन सभासद व्हावे लागते आणि वाट पाहावी लागते, पण असे घर सहसा स्वस्त आणि अतिशय स्थिर असते.

किल्ली घेण्याच्या दिवशी ताब्याचा लेखी तक्ता करून घ्यावा. त्यात वीज, पाणी व ऊब यांच्या मीटरचे आकडे, जमिनीवरचे ओरखडे, फुटकी फरशी हे सगळे लिहावे आणि प्रत्येकाचे छायाचित्र काढावे. त्यानंतर सामान वर न्यायच्या आधी खाली जाऊन दारावरच्या घंटेवर आणि टपालपेटीवर आपले आडनाव लावावे. येथील बहुतेक इमारतींत पत्त्यात इमारतीचा क्रमांक असला तरी आतल्या सदनिकेचा नसतो, पोस्टमन नावावरून पेटी शोधतो आणि नाव सापडले नाही तर पत्र परत नेतो. पोटभाडेकरूने मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपले नाव लावावे. धातूची पट्टी मिळेपर्यंत कागदावर लिहून चिकटपट्टीने लावले तरी चालते. माझ्या करक्रमांकाचे पत्र पहिल्यांदा परत गेले ते एवढ्या एका चिठ्ठीवाचून.